ख, घ, भ आणि तिचं नाव

तिचं नाव मला एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये दिसलं. रविवार होता. दुपारचं जेवण उरकून मी जळगावातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत डेस्कटॉपसमोर बसले होते. ही खोली पूर्वी अब्बांचं दुकान होती. मंडपवाल्यांचे ॲम्प्लिफायर, कर्णे, माइक ते इथे दुरुस्त करायचे. पुढे त्यांना कमी ऐकू यायला लागलं, दुकान बंद झालं आणि त्यांच्या टेबलावर माझा कॉम्प्युटर आला. मी एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सहायक आहे.

त्या दिवशी मी एक ऑडिओ लायब्ररी सोर्सपासून कंपाइल करायला घेतली होती. लायब्ररी म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येईल असं तयार काम. हिचं काम एकच, रेकॉर्ड केलेल्या आवाजाचा वेग वाढवायचा, पण आवाज चिरका होऊ द्यायचा नाही. जगभरची माणसं मिळून ती लिहितात आणि कोड सगळ्यांना खुला असतो. एरवी तयार पॅकेज मिळतं, एका आदेशात बसतं. पण मला हवी असलेली नवी आवृत्ती पॅकेजमध्ये आली नव्हती. होता तो फक्त माणसांनी लिहिलेला कोड. तो उतरवून घ्यायचा आणि आपल्या मशीनला समजेल असा आपणच तयार करायचा, यालाच कंपाइल करणं म्हणतात.

मला ती हवी होती धुळ्यासाठी. तिथे अंध मुलींची एक शाळा आहे. तिथल्या मुलींसाठी आम्ही जळगावची पाच-सहा माणसं शाळेची पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करतो. मुली ती दुप्पट वेगाने ऐकतात, साध्या वेगाचा त्यांना कंटाळा येतो. वेगवान फाइली बनवून पेनड्राइव्हवर पोचवायचं काम माझं. अडचण अशी, की दुप्पट वेगात ख, घ, भ यांच्यातला श्वास गळून जायचा. भार ऐकू यायचा बार. घन व्हायचा गन. दहावीतली एक मुलगी मला फोनवर म्हणाली होती, "मॅडम, विज्ञानाचं पुस्तक ऐकताना असं वाटतं, की वाचणाऱ्या काकूंचं नाक चोंदलंय." त्या काकू म्हणजे मीच होते.

नव्या आवृत्तीत बोलण्याच्या आवाजासाठी खास सुधारणा केली आहे, असं वाचलं होतं. कोड उतरवला, फोल्डर उघडलं, आणि सवयीने आधी सूचनांची फाइल न उघडता योगदान करणाऱ्यांची यादी उघडली. बरीचशी नावं परदेशी होती. खालच्या बाजूला तिचं नाव, आणि पुढे एक ओळ: बोलण्यातल्या श्वासयुक्त व्यंजनांची सुधारणा.

आडनावही तेच. चोपडा तालुक्यातल्या एका गावाचं ते आडनाव, दुसऱ्या कुणाचं असणं शक्य नव्हतं.

मी ती फाइल बंद केली. मग परत उघडली.

ती आणि मी धुळ्याला इंजिनिअरिंगला एका वर्गात होतो. लॅबमध्ये दोघींना एकच मशीन. ती केळी लावणाऱ्या घरातली, पहिल्या वर्षी वर्गात तोंड उघडायची नाही. माझ्याशी मात्र अहिराणीत बोलायची. मला अहिराणी धड येत नाही, म्हणून तिला आणखी मजा. "काय करी ऱ्हायनी वं?" म्हणत स्टुलावर येऊन बसायची. काळ्या पडद्यावर आदेश टाइप करायची तिला भीती वाटायची. एकदा तिने चुकून एक फोल्डर पुसलं आणि रडायला लागली. मी हसले होते. मग मीच तिला शिकवलं: सोर्स म्हणजे काय, कंपाइल कसं करतात, एरर आली की शेवटची ओळ न वाचता पहिली का वाचायची. ती सगळं उतरवून घ्यायची. मी कधीच काही उतरवून घेतलं नाही. मला लागत नसे. मास्तर म्हणायचे, या दोघींत हुशार कोण ते विचारायला नको.

शेवटच्या वर्षी दोघींना पुण्याची नोकरी मिळाली. ती गेली, तिथून पुढे परदेशात. मी गेले नाही. घरच्यांनी पाठवलं नाही, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. खरं तर अब्बांनी बॅग आणून दिली होती. "जा बेटा, मी आहे ना," म्हणाले होते. मला भीती वाटली. तिथे सगळेच हुशार असतील, आणि मी त्यांच्यातली एक होईन, ही भीती. हे मी अब्बांनाही कधी सांगितलं नाही. लोक त्यांनाच दोष देत राहिले आणि मी देऊ दिला.

तर असं ते नाव. मी कंपाइल करायचं सोडून तिने केलेल्या बदलांची नोंद उघडली आणि एकेक बदल वाचत बसले. शिकण्यासाठी वाचत असते तर ठीक होतं. मी चूक शोधत होते. कोड साफ होता. नावं नीट, टिपणं नीट, प्रत्येक पायरीचं कारण दिलेलं. एका टिपणात तिने लिहिलं होतं, की मराठीसारख्या भाषांत एका श्वासाने शब्द बदलतो. ते वाचून मला असं झालं, की माझ्या घरातली वस्तू कुणी उचलून नेली आहे. मराठीची पुस्तकं रेकॉर्ड करणारी मी. नाक चोंदलेली काकू मी. आणि हे सुचलं तिला, परदेशात बसून.

कंपाइल मात्र करायचं होतंच. पहिल्या वेळी एक हेडर फाइल सापडेना. ती ज्या पॅकेजमध्ये असते ते बसवलं. दुसऱ्या वेळी बिल्ड करणारं साधनच जुनं निघालं. ते नवं केलं. तिसऱ्या वेळी ओळी पळायला लागल्या, अर्ध्याच्या पुढे गेल्या आणि लाइट गेली. अब्बा आतून ओरडले, "फ्यूज बघ!" फ्यूज नव्हता, सगळ्या गल्लीची गेली होती. तासाभराने आली. नशिबाने झालेल्या फाइली तशाच राहिल्या होत्या, जिथे थांबलं तिथून पुढे सुरू झालं. संध्याकाळच्या चहापर्यंत बिल्ड पुरं झालं. एकही एरर नाही.

मी विज्ञानाचा एक धडा घेतला, बोलण्याची सुधारणा चालू केली आणि एंटर दाबलं.

प्रोग्रॅम कोसळला. पडद्यावर एकच ओळ: बेकायदा सूचना.

खरं सांगते, मला आनंद झाला. असा आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. कारण शोधायला मला वेळ लागला नाही. नव्या प्रोसेसरांना काही जलद सूचना कळतात, माझ्या जुन्या प्रोसेसरला त्या कळत नाहीत. बाकी सगळी लायब्ररी आधी विचारून घेते, की बाबा, तुला हे जमतं का? फक्त एक फाइल न विचारता ती सूचना वापरत होती. तिने लिहिलेली फाइल.

लायब्ररी लिहिणाऱ्यांच्या प्रकल्पाच्या साइटवर चुका कळवायची जागा असते. तिथे मी टोपणनावाने इंग्रजीत लिहिलं. मशीन कोणतं, आवृत्ती कोणती, कुठल्या ओळीवर कोसळतं, सगळं नेमकं लिहिलं. तिथे थांबायला हवं होतं. मी आणखी एक वाक्य घातलं: हा भाग लिहिणाऱ्या व्यक्तीने गरीब माणसाच्या मशीनवर एकदाही चालवून पाहिलेला दिसत नाही. पाठवताना मला माहीत होतं, की हे वाक्य कुणाला कुठे लागेल.

दुसऱ्या दिवशी लॅबमधून पाहिलं तर तिचं उत्तर आलं होतं. "तुमचं बरोबर आहे. माझी चूक. माफ करा. तुमच्याइतकी नेमकी तक्रार फार थोडे लोक लिहितात." पुढे दोन प्रश्न. माझ्या त्या वाक्याबद्दल एक शब्दही नाही. मी दोन्ही प्रश्नांना एकेका शब्दात उत्तर दिलं. मंगळवारी तिने दुरुस्ती लिहून पाठवली आणि विनंती केली, की माझ्याकडे असं जुनं मशीन नाही, तुम्ही चालवून बघून सांगाल का? तुम्ही हो म्हणालात, की आम्ही ही सर्वांसाठीच्या आवृत्तीत घेऊ.

मी त्याच संध्याकाळी पुन्हा कंपाइल केलं. चाललं. विज्ञानाचा धडा दुप्पट वेगाने लावला. भार भारच ऐकू आला. घन घनच. अब्बा दारात उभे होते. त्यांनी येऊन स्पीकरच्या पडद्यावर बोट टेकवलं, थरथर अजमावली आणि म्हणाले, "साफ आहे. कुणाचं काम?"

मी म्हणाले, "असंच एकीचं."

तिला मात्र मी काही कळवलं नाही. बुधवार गेला, गुरुवार गेला. साइटवर एकाने विचारलं, तपासणाऱ्या व्यक्तीकडून काही समजलं का? तिने लिहिलं, ती व्यक्ती कामात असेल, थांबू या. मी ते वाचलं आणि पान बंद केलं. ती थांबली होती, मी तिला थांबवून ठेवलं होतं, आणि यात मला काय सुख मिळत होतं ते आज नीट सांगता येत नाही. पण मिळत होतं. दिवसातून चार-पाच वेळा जाऊन बघायचे, अजून थांबलीये ना.

शुक्रवारी रजा टाकून मी नव्या फाइली घेऊन धुळ्याला गेले. शाळेचे सर माझ्या ओळखीचे. त्यांनी त्या दहावीतल्या मुलीला बोलावलं. तिने इअरफोन लावले आणि मान खाली घालून ऐकत राहिली. मग मान वर केली.

"मॅडम, भ आला!"

"आला ना?"

"ख पण आला. घ पण. सर, बठ्ठं समजी गयं!" सगळं समजलं, हे ती घरच्या बोलीत बोलून गेली आणि स्वतःच हसली. बाकीच्या मुलींनी इअरफोनसाठी हात पुढे केले. तिने ते सोडले नाहीत. "हे कुणी केलं, मॅडम?"

मी म्हणाले, "मी."

असा विचारही केला नव्हता. तोंडातून आलं. सर म्हणाले, "बघा मुलींनो, आपल्या जळगावच्या मॅडमनी केलं." मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्या मुलीने माझा हात शोधला आणि दोन्ही हातांत धरून ठेवला. "तुम्ही किती शिकलात, मॅडम?" तिने विचारलं. "मला पण शिकवाल?"

चहा न घेता मी निघाले. बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. पारोळा येईपर्यंत मी स्वतःला समजावत होते, की कंपाइल तर मीच केलं, मशीनवर उभं मीच केलं, चूकही मीच पकडली, म्हणजे मी म्हणाले ते काही साफ खोटं नाही. पारोळ्यानंतर तेही जमेना. ती वस्तू माझी नव्हती. उलट ती तीन दिवस मी अडवून ठेवली होती. माझ्यासारखंच जुनं मशीन घेऊन आणखी कोण कुठे बसलं असेल, त्यांचीही मी अडवली होती. एरंडोल गेलं आणि मला मुलीच्या हातांची ऊब आठवून घाम फुटला.

घरी पोचून हात-पाय धुतले आणि आधी साइटवर लिहिलं: चालतं. मंगळवारपासूनच चालतं आहे, कळवायला उशीर मी केला. आणि खाली माझं खरं नाव टाकलं.

दहा मिनिटांत वेगळा मेल आला. देवनागरीत. "अगं, तू? मला पहिल्याच दिवशी वाटलं होतं. एवढी खडूस आणि एवढी अचूक तक्रार दुसरं कोण लिहिणार? विचारायचं धाडस झालं नाही. कशी आहेस? अब्बा कसे आहेत?"

खडूस हा शब्द मी दोनदा वाचला. तिला लागलं होतं तर. मी उत्तरात शाळेबद्दल लिहिलं आणि मुलींना मी काय सांगितलं तेही लिहिलं. ती त्यावर रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने लिहिलं, "मुलींना आवडलं ना? बस झालं." असं मोठं मन दुसऱ्याने दाखवलं, की सोसायला फार अवघड जातं.

सोमवारी मी शाळेत फोन केला. सरांना म्हटलं, त्या मुलीला द्या. तिला सांगितलं, की तो कोड मी लिहिलेला नाही, माझ्याबरोबर शिकलेल्या एका मुलीने लिहिला आहे, मी खोटं बोलले.

ती मग म्हणाली, "मग तुम्ही काय केलं, मॅडम?"

"माझ्या मशीनवर बसवलं. त्यात चूक होती ती शोधली. आणि दुरुस्ती चाललीय हे सांगायला उशीर केला."

"उशीर का केला?"

"तिचा हेवा वाटला म्हणून."

"अच्छा," ती म्हणाली. "आमच्या वर्गात पण आहे एक अशी. तिला माझं बोटाने वाचणं बघवत नाही." आणि तिने विचारलं, "इतिहासाचं पुस्तक कधी देता?"

डिसेंबरात माझी मैत्रीण गावी आली. चोपड्याहून बसने जळगावला, आमच्या घरी. केस थोडे पिकलेले, चालणं तेच, पुढे वाकून. अब्बांसमोर बसून ती मोठ्या आवाजात, ओठ दिसतील असं, त्यांना ॲम्प्लिफायरबद्दल विचारत राहिली आणि अब्बा तासभर बोलले. माझ्याशी ते इतकं बोलून वर्ष झालं असेल. मी स्वयंपाकघरात शेवभाजीला फोडणी देत होते आणि त्यांच्या हसण्याचे आवाज मोजत होते. मग ती माझ्या डेस्कटॉपसमोर बसली. "एवढ्याशा मशीनवर तू हे सगळं केलंस?" ती कौतुकाने म्हणाली असेल. मला झोंबलं. मी म्हणाले, "आमच्याकडे हेच असतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी धुळ्याला शाळेत गेलो. ती मुलगी वाटच बघत होती. तिने माझ्या मैत्रिणीलाच विचारलं, "मशीनला कसं कळतं हा भ आहे, ब नाही?" मैत्रीण सांगायला लागली. वारंवारता, ऊर्जेचा उंचवटा, खिडकीची लांबी. अर्धे शब्द इंग्रजीत. मुलगी हो-हो म्हणत होती, पण तिला काही कळत नव्हतं. मैत्रीण घोटाळली. माझ्याकडे बघायला लागली, लॅबमध्ये बघायची तशी.

मी मुलीचा तळवा तिच्याच तोंडासमोर धरला. "ब म्हण."

"ब."

"आता भ."

"भ... मॅडम, वारा लागला!"

"तो वारा मशीन शोधतं. सापडला की तेवढा तुकडा कापत नाही. बाकीचं कापतं आणि जवळ आणतं. म्हणून वेग वाढतो."

मग सगळ्या मुली तळवे तोंडासमोर धरून क-ख, ग-घ म्हणायला लागल्या. मैत्रीण कौतुकाने बघत होती. मला वाटलं, आज तरी पारडं माझ्या बाजूला झुकलं. तेवढ्यात त्या मुलीने पुन्हा तिच्याच दिशेने तोंड वळवून विचारलं, "पण ताई, हे तुम्हाला सुचलं कसं?" आणि मी सरांबरोबर चहा प्यायला बाहेर गेले.

ती परत गेल्यावर प्रकल्पाने मला विचारलं, जुन्या मशीनांवरची तपासणी तुम्ही नियमित कराल का? मी हो म्हटलं. पुढच्या आवृत्तीच्या यादीत माझंही नाव आलं. अब्बांना पडद्यावर दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून ते वाचलं आणि मग विचारलं, "तिचं कुठंय?" मी यादीत माझ्या नावाच्या वर बोट दाखवलं.

गेल्या महिन्यात मी पहिल्यांदा स्वतः लिहिलेला कोड पाठवला. लहानसाच. आमच्याकडच्या रेकॉर्डिंगांत कूलरची घरघर असते. त्या घरघरीत व्यंजनाचा श्वास हरवतो, त्यासाठीची सुधारणा. तपासायला तिच्याकडेच गेला. तिने तीन दुरुस्त्या सांगून परत पाठवला. प्रत्येक दुरुस्तीखाली हसरा चेहरा. मी दिवसभर कुणाशी धड बोलले नाही. संध्याकाळी शांतपणे पाहिलं, पहिल्या दोन बरोबर होत्या. त्या केल्या. तिसरी मला पटली नाही. मी लिहिलं, कूलर तुझ्या ऑफिसात नसतो, आमच्या खोलीत असतो, आणि तो एका सुरात चालत नाही, आवाज वरखाली होतो. सोबत आमच्या खोलीतलं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग जोडलं, त्यात अब्बा आतून चहा मागतात तेही होतं.

तिने ते ऐकलं असावं. दोन दिवसांनी उत्तर आलं, हे तुझं बरोबर आहे, मी तसंच घेते. खाली हसरा चेहरा नव्हता. तो दिवस माझा फार चांगला गेला.